डाव्या बाजूचं दार

डेल व्हिटकॉम पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा लेनी हॅव्रिलाला वाटलं, कुणीतरी दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतला माणूस कात्रीने कापून आणलाय आणि गवतात खोचून ठेवलाय. आधी केस आले. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मग डेल आला. त्या केसांवर ऑगस्टचं ऊन असं काही चमकत होतं की नदीपलीकडच्या पोलाद कारखान्यात भट्टीचं झाकण उघडं राहिलं म्हणून धावपळ झाली, असं पुढे गावात सांगत. आणि दात! एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली कार्बन रन हॅमर्स या संघात सगळ्यांचे मिळून जेवढे पुढचे दात शिल्लक होते, तेवढे एकट्या डेलच्या वरच्या ओळीत होते.

डेलची हकीकत वेगळी. तो म्हणे, "मी आलो तर मैदानाच्या डाव्या अंगाला कुणीतरी ट्रक उभा करून ठेवलेला. ड्रायव्हर कुठाय म्हणून मागे जाऊन बघितलं, तर ट्रकनेच वळून विचारलं, काय पाहिजे?"

"माझी डावी बाजू तूच सांभाळणार का?" डेलने विचारलं.

"मी जागा सांभाळतो," लेनी म्हणाला. "तू जागेवर राहिलास तर तूही सांभाळला जाशील."

लेनीच्या तोवरच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण. डेलने ते ऐकलं नाही. तो केसांतलं गवत काढत होता.

डेल क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू फेकणारा. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, सांगायला सोपा आहे. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन काही पावलं मागे सरतो आणि दूर पळणाऱ्या आपल्या माणसाला तो कसा फेकावा याचा विचार करतो. त्याचा विचार पुरा होण्याआधी त्याला जमिनीत गाडण्यासाठी समोरून चार-पाच राक्षस सुटतात. मधे पाच जाड माणसांची फळी असते. फळीच्या आत जी चार हात मोकळी जागा उरते तिला खिसा म्हणतात, आणि क्वार्टरबॅकने नाण्यासारखं त्या खिशात राहायचं असतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे होते. तिकडून कोण येतंय हे त्याला दिसत नाही. हाडं वाजली की कळतं. त्या पाठीमागचं दार म्हणजे लेनी.

दहा वर्षं तो त्या दारात उभा होता. इतर दिवशी तो पियानो हलवायचा. कार्बन रनची घरं टेकडीला टांगलेली, जिने शिडीसारखे, आणि प्रत्येक आजीला मरण्याआधी आपला पियानो धाकट्या मुलीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर पोचवायचा असे. पियानोला पुढून कुणी अडवत नाही, बाजूने कलवतात. पाय जमिनीला चिकटलेले, कंबर खाली, आणि पियानोला वाटत राहतं की आपण आपल्याच मर्जीने चाललोय. धावत येणाऱ्या माणसालाही लेनी तसाच न्यायचा. थांबवायचा नाही. बाहेरून मोठा वळसा घालून क्वार्टरबॅकच्या पाठीमागे, रिकाम्या गवतात नेऊन सोडायचा. त्या काळी फळीतल्याने हाताने धरणं नियमाबाहेर होतं. मुठी छातीशी, कोपरं बाहेर, बाकी काम खांद्याने आणि डोक्याने. समोरच्याला मात्र हवं ते करायची मुभा होती. तो तळहाताला जाड पट्टी गुंडाळून शिरस्त्राणावर, बरोबर कानाच्या जागी, अशी चपराक हाणी की आत चर्चची घंटा वाजे. लेनीचा डावा कान त्यामुळे खारकेसारखा झाला होता. हाताची चार बोटं वेगवेगळ्या दिशांना रस्ता दाखवत. एकदा खेळ चालू असताना करंगळी उलटी वळली, तेव्हा त्याने ती दातांनी सरळ केली आणि शेजारच्या बोटाला बांधून टाकली. हाच माणूस बारशाला जाऊन बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की हुंदके देऊन रडायचा. त्याच्या आईला याची इतकी लाज वाटायची की ती त्याला चर्चमध्ये खांबामागे बसवी.

किती वेळ दार धरायचं, याचं लेनीचं माप चर्चमधलंच होतं. त्याच्या लोकांच्या जुन्या स्लाव्ह भाषेतली "देवा, दया कर" ही विनवणी उपासनेत तीनदा म्हणतात. चेंडू मागे गेला की लेनी मनात म्हणायला लागे. देवा, दया कर. देवा, दया कर. तिसऱ्यांदा दया झाली की चेंडू हवेत असायला हवा. डेलच्या आधीचा क्वार्टरबॅक टक्कल पडलेला, जाडा, भित्रा खाटीक होता. तो दुसऱ्याच दयेला चेंडू फेकून कान झाकून खाली बसे. त्याच्या काळात सगळं गाव म्हणे, लेनीसारखा माणूस या नदीकाठी झाला नाही.

डेलचं तसं नव्हतं. त्याला चेंडू हातात आवडायचा. तो घेऊन तो नाचायचा, मागे सरायचा, आणखी मागे सरायचा, डावीकडे झुकायचा, आणि लेनी ज्या रिकाम्या गवतात पाहुण्याला नेऊन सोडी नेमका तिथे येऊन उभा राहायचा. लेनी घाम गाळून, कान फोडून घेऊन पाहुण्याला वळसा घालून आणी, तर समोर यजमान हजर. मग जो आवाज होई तो ऐकून मैदानाबाहेरच्या बायका हातातलं विणकाम सोडत.

"अरे डेल्या," फळीच्या मधोमध खेळणारा पीट बारन ओरडायचा. बारन पन्नाशीला आलेला, कारखान्यातला फोरमन, आवाज भोंग्याचा. "तिथं काय सहलीला गेला होतास काय?"

"मोकळा माणूस शोधत होतो," डेल तोंडातली माती थुंकत म्हणे.

"तुला सोडून सगळी माणसं मोकळी होती की रे!"

लेनी त्याला उचलून उभा करी आणि एवढंच म्हणे, "पुढे. मागे नाही, पुढे ये. मी त्याला मागे नेतोय."

"हो हो," डेल म्हणे, आणि पुढच्या खेपेला मागे जाई.

उपासाच्या चाळीस दिवसांत तीच विनवणी एका दमात बारा वेळा म्हणतात. सप्टेंबर संपेपर्यंत लेनी आठव्या दयेपर्यंत पोचायला लागला होता. आणि गावाला काय दिसत होतं? लेनीचा माणूस दर वेळी डेलच्या छाताडावर बसलेला. "हॅव्रिलाऽऽ, दार लाव, थंडी येतेय!" असं लोक ओरडायचे. फादर मिरॉननी त्याला कबुलीजबाबाच्या खिडकीतून हळूच विचारलं, "बाळा, गुडघे दुखतात का?"

लेनी थकला, या अफवेचा उगम डेलच्या दुकानात होता. डेल न्हावी होता. गावातली अर्धी डोकी त्याच्या हातात होती, आणि कात्री चालू असली की त्याचं तोंडही चाले. "लेनी देवमाणूस आहे हो," तो गिऱ्हाइकाची मान वाकवत म्हणे. "पण वय झालं. पाय उचलत नाही. मी तरी किती सांभाळून घेणार?"

आता यात एक गोष्ट आणखी गुंतागुंतीची होती. लेनीची धाकटी बहीण आयरीन. बेकरीत कामाला होती, हात पिठाचे, जीभ तिखट. दर शनिवारी लेनी ठेचलेल्या डेलला घरी आणायचा आणि आई त्याच्या बरगड्यांवर गरम कोबीची पानं बांधायची. एकदा आईला बरं नव्हतं म्हणून पानं आयरीनने बांधली. ऑक्टोबरात साखरपुडा झाला. म्हणजे डेलने तिसऱ्या दयेला चेंडू फेकला असता तर त्याचं लग्नच जमलं नसतं, असा एक सिद्धांत बारन मांडायचा.

लग्न नोव्हेंबरातल्या एका रविवारी ठरलं. आदल्या शनिवारीच हंगामाचा शेवटचा सामना होता, नदीच्या वरच्या अंगाच्या ग्रॅनिट बेंडशी. ग्रॅनिट बेंडकडे ओटिस क्रंप होता. कोळशाच्या भट्ट्यांवर काम करणारा, दाराच्या चौकटीएवढा. मागच्या वर्षी त्याने दोन क्वार्टरबॅक दवाखान्यात पाठवले होते. एकाला आजही डावीकडे बघायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. ओटिस येणार तो लेनीच्याच दारातून.

आयरीनने भावाला स्वयंपाकघरात गाठलं. तो कोबी-शेवयांचं पातेलं मांडीवर घेऊन बसला होता.

"लेनी, रविवारी तो माझ्याबरोबर वेदीपर्यंत चालत यायला हवा. स्वतःच्या पायांनी."

"मग त्याला सांग, चेंडू लवकर फेक म्हणून."

"ते मला कळत नाही. मला एवढंच कळतं की दार तुझं आहे. चर्चमध्ये मला कुबड्या दिसल्या ना, तर तू पाऊल ठेवायचं नाहीस तिथं. भाऊ असशील घरचा."

लेनीने शेवया संपवल्या. 

सामन्याच्या आधीच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर चर्चच्या तळघरात फळीचे पाचही जण जेवायला बसले. बारनने चमचा ताटावर आपटला.

"दुकानात काय बोलतो ते ऐकलंत? आपण म्हातारे! आपले पाय उचलत नाहीत! बास. शनिवारी दार उघडायचं."

 या खोऱ्यात फळीवाल्यांचा हा जुना कायदा होता. क्वार्टरबॅक माजला तर एकदा, एकाच डावात, दार उघडं सोडायचं. कोच कळूनही न कळल्यासारखं करी. समोरचा माणूस मोकळा आत जातो, जे व्हायचं ते होतं, आणि त्यानंतर क्वार्टरबॅक आयुष्यभर फळीवाल्यांना आधी नमस्कार करतो. बारनच्या तरुणपणी एकाचा जबडाच मोडला होता. तो पुढे फार नम्र निघाला.

"ओटिस आहे पलीकडे," लेनी म्हणाला.

"म्हणून तर!"

"बहीण आहे माझी."

"तुझी बहीण उघड्या दारात उभी राहणार नाहीये. मी टॉवेलने दोनदा हात पुसले की तू बाजूला व्हायचं. ओटिस उजवीकडे असता तर मी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं." चौघांनी हात वर केले. पाचवा हात पातेल्यात होता, तो मोजलाच नाही.

मंगळवारी लेनी डेलच्या दुकानात गेला. खुर्ची कण्हली. डेलने त्याच्या गळ्याला साबण फासला आणि वस्तरा लावला.

"शनिवारी मी दार उघडणार आहे," लेनी म्हणाला.

वस्तरा थांबला, नेमका धडधडणाऱ्या शिरेवर.

"काय म्हणालास?"

"बारनने टॉवेलने दोनदा हात पुसले की. ओटिससाठी."

"आयरीनला माहितीय?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस, लेन्या?"

"कारण तू गाढव आहेस, आणि ती तुला हो म्हणालीय."

वस्तरा अजून तिथेच होता. बाकावरच्या दोघा गिऱ्हाइकांनी वर्तमानपत्रं वर धरली. आरशात डेलचा चेहरा पांढरा दिसत होता. साबण लेनीला लावलाय की त्याला, कळू नये इतका.

"मी काय करू?" डेल म्हणाला.

"तीनदा देवाचं नाव घे आणि चेंडू फेक. नाही जमलं तर पुढे ये. मागे नाही. तू चेंडू हातात धरून ठेवला नाहीस तर बारनला हात पुसायचं कारणच मिळणार नाही."

डेलने शपथ घेतली. वस्तऱ्यावर हात ठेवून घेतली, आणि बोट कापून घेतलं.

शनिवारी दुपारी नदीवरून बोचरा वारा येत होता आणि मैदान दगडासारखं गोठलं होतं. ओटिस क्रंप लेनीसमोर हातावर वाकला.

"लेनी, आई कशी आहे?"

"खोकला आहे. तुझी?"

"बरी आहे. कान सांभाळ," ओटिस म्हणाला आणि चेंडू हलताच त्याने पट्टी बांधलेला पंजा लेनीच्या शिरस्त्राणावर हाणला. लेनीच्या डोळ्यांपुढे सगळं हिरवं झालं. त्याने कंबर खाली घातली, खांदा ओटिसच्या बरगडीत रुतवला, काहीतरी करकरलं, कुणाचं ते कळलं नाही. देवा, दया कर. देवा, दया कर. देवा... आणि चेंडू हवेत होता! लांब, सुरेख, गिरक्या घेत. प्रेक्षक उभे राहिले.

अर्धा सामना असाच गेला. डेल तिसऱ्या दयेला चेंडू सोडत होता आणि ओटिस दर वेळी रिकाम्या गवतात पोचत होता. लेनी दहा वर्षं जे करत आला तेच करत होता. तोच वळसा, तेच खांदे, फक्त नाकातून रक्त जरा जास्त. पण गावाला त्या दिवशी तो देवदूत दिसला. "हॅव्रिला! हॅव्रिला!" फादर मिरॉन बाकावर चढले. ज्यांनी महिनाभर दार लाव म्हणून बोंब मारली होती तेच एकमेकांना सांगत होते, "बघ, गुडघे बरे झाले याचे."

मग बेकरीची पाळी संपवून आयरीन आली. सोबत सात मैत्रिणी. त्या पहिल्या रांगेत बसल्या, आणि डेलला त्या दिसल्या.

पुढच्या डावात चौथी दया झाली, पाचवी झाली, चेंडू डेलच्या हातातच. त्याला आता साधं काही फेकायचं नव्हतं. त्याला आभाळातून काहीतरी न्यायचं होतं. सहाव्या दयेला ओटिस लेनीच्या पाठीवरून गेला आणि डेल आडवा झाला. पुन्हा तेच. ओटिसने या खेपेला त्याला उचलून पाठीवर आपटलं आणि डेलचं शिरस्त्राण निसटून लांब गडगडत गेलं. केस मात्र जागेवर होते. तो उठला, मैत्रिणींकडे बघून हसला, कोंडाळ्यात आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "अरे हत्तींनो, झोपलात का? माझा जीव जातोय इथं!"

फळीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बारनने कमरेचा टॉवेल घेतला. एकदा हात पुसले. लेनीकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पुसले.

लेनी आपल्या जागी जाऊन वाकला. त्याचं ठरलं होतं. कायदा कायदा होता, बारनचा होता, त्याच्या बापाच्याही वेळचा होता. आयरीन काय म्हणाली तेही ठरलं होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात मावेनात, म्हणून त्याने डोकं रिकामं केलं.

"लेनी, नाक फुटलंय तुझं," ओटिस म्हणाला.

"असू दे."

चेंडू हलला. लेनीने डावा पाय उचलला आणि बाजूला ठेवला. एवढंच करायचं होतं. समोर दार सताड उघडं झालं, इतकं की ओटिसही क्षणभर बावरला, मग डोकं खाली घालून त्यात शिरला. आणि लेनीचा खांदा आपण होऊन आडवा आला. त्याला विचारलं नाही, सांगितलं नाही. कलत्या पियानोखाली माणूस दिसल्यावर जसा यावा तसा आला. ओटिसच्या छातीवर तो असा आदळला की दोघांच्याही फुप्फुसांतली हवा एकदम बाहेर पडली. ओटिसने कानावर चपराक मारली, मग दुसरी. लेनीच्या तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा फिरत होता. देवा, दया कर. चौथी. पाचवी. त्याचा उजवा पाय गोठलेल्या जमिनीत रुतला, आणि तो ओटिसला एकेक वीत मागे, बाहेर, वळशात न्यायला लागला. सातवी. आठवी. फेक ना, मेल्या. दहावी. मागे मोकळं गवत आहे, इथंच याला सोडू.

बाराव्या दयेला त्या मोकळ्या गवतात डेल उभा होता.

तो मागे मागे सरत तिथे आला होता, आभाळाकडे बघत. ओटिसने लेनीच्या खांद्यावरून हात लांबवून त्याची मान धरली. दोघं मिळून, ओटिसचं सगळं वजन आणि त्याच्याखाली डेल, आडवे कोसळले ते थेट लेनीच्या रुतलेल्या पायावर, बाहेरच्या बाजूने. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो पहिल्या रांगेत ऐकू गेला. लेनीचा गुडघा ज्या दिशेला कधीच वळत नाही त्या दिशेला वळला आणि तसाच राहिला.

डेल ढिगातून बाहेर आला. त्याने हात चाचपले, पाय चाचपले, दात मोजले आणि आनंदाने दोन्ही हात वर केले. "मला काही झालं नाही!" त्याने पहिल्या रांगेला सांगितलं. "आयरीन, मला काही झालं नाही!"

ओटिस लेनीशेजारी गुडघे टेकून बसला होता. त्याने स्वतःचं जाकीट मागवून त्या पायावर टाकलं, म्हणजे लेनीला तो दिसू नये. "तू बाजूला झाला होतास," तो हळू आवाजात म्हणाला. "मग परत कशाला आलास रे?"

 बारन धापा टाकत आला, पायाकडे बघितलं, तोंड फिरवलं, आणि मग नेहमीपेक्षा बऱ्याच लहान आवाजात म्हणाला, "उघडायचं होतं ना, लेन्या."

"उघडलं होतं," लेनी म्हणाला. "आपोआप लागलं."

लग्नाला तो मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आला. बारनने आणि ओटिसने त्याला चर्चच्या पायऱ्यांवरून पियानोसारखा, बाजूने कलवून वर घेतला, आणि लेनी पूर्ण वेळ त्यांना कंबर खाली ठेवायला सांगत होता. दारात आयरीन उभी होती, पांढऱ्या पोशाखात. तिने कुबड्यांकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं, कुबड्या दिसल्या तर..."

"तू त्याच्याबद्दल म्हणाली होतीस," लेनी म्हणाला.

तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिने त्याचा खारीक झालेला कान धरला, ओढला आणि त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली; तिच्या आधी लेनी रडायला लागला होता, म्हणून आईने त्याला खांबामागे बसवलं. डेल वेदीपर्यंत चालत गेला. स्वतःच्या पायांनी, ताठ, केस चमकत.

लेनी पुन्हा खेळला नाही. लग्न अकरा महिने टिकलं. केस कापायला लेनी अजूनही डेलकडेच जातो. गावातल्या दुसऱ्या न्हाव्याचं दुकान वरच्या मजल्यावर आहे.